एल्क मिळाला, पण कूलर मिळेना

सप्टेंबरच्या सुरुवातीला कोलोरॅडोत धनुष्यबाणाने एल्कची (इथल्या मोठ्या हरणाची) शिकार करणार असाल, तर मांस कुठे थंड करणार ते आधी ठरवा. लायसन्स, हंटर एज्युकेशनचं कार्ड, कंपाउंड बोचा सराव, सगळं माझं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते मांस कापून देणाऱ्या दुकानाच्या दारात.

तिरंदाजीचा हंगाम 2 सप्टेंबरला उघडतो. फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ पठारावर पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन चटके देतं. एल्कचं कातडं जाड, ते तसंच ठेवलं तर अंगातली उष्णता आतच कोंडते आणि मागच्या फऱ्यात, खुब्याच्या हाडाजवळ मांस सर्वांत आधी आंबतं. म्हणून नर मिळताच मित्राने आणि मी लगेच सोललं, मांस कापडी पिशव्यांत भरून स्प्रूसच्या झाडांच्या सावलीत टांगलं. (जननेंद्रिय, म्हणजे नर असल्याची खूण, एका तुकड्याला मुळातच जोडलेली ठेवावी लागते. हाडं काढण्याच्या घाईत ती कापू नका.)

दुकानात आधीच फोन केला होता. ‘घेऊन या, जागा आहे’ म्हणाले. पोचलो तर काउंटरवरच्या बाई म्हणतात, कूलर, म्हणजे मांस ठेवायची थंड खोली, भरलाय, उद्या या. उद्या? बाहेर 27 अंश आणि गाडीत आख्ख्या नराचं मांस! कुणी आपलं मांस घेऊन गेलं तर बघू म्हणाल्या, म्हणून थांबलो. दर थोड्या वेळाने आत जाऊन विचारायचं, बाहेर येऊन पिशवीवर तळवा ठेवून बघायचं. तेवढ्यात आमच्यानंतर आलेला ट्रेलर त्यांनी मागच्या दाराने आत घेतला आणि माझं डोकंच फिरलं. ‘त्यांचं बुकिंग होतं.’ अहो, मग बुकिंग लागतं हे फोनवर सांगायला काय झालं होतं? खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे, आणि नसता तरी ते माझ्याने बघवलं नसतं.

मित्राने पेट्रोल पंपावरचा होता नव्हता तेवढा बर्फ उचलून आणला. बर्फपेट्यांची खालची बुचं उघडी ठेवली, कारण वितळलेल्या पाण्यात मांस बुडलं की बिघडतं. संध्याकाळी दुकानवाले म्हणाले, अर्धं घेतो. मी नको म्हटलं. डेन्व्हरला घरी नेलं आणि रात्रभर आम्हीच कापलं. खुब्याजवळचा तुकडा नाकाशी धरला: आंबूस वासाचा मागमूस नव्हता. फार अभिमान वाटला.

फोनवर नाव आणि वेळ लिहून घ्यायला लावा. सुट्ट्या बर्फापेक्षा गोठवलेल्या पाण्याचे कॅन जास्त टिकतात, ते घरूनच न्या. डोकंही आणा, सीडब्ल्यूडी या हरणांना होणाऱ्या रोगाची तपासणी त्यातल्या गाठींवरून होते, आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका.

आणि हो, वारा! हंगामाच्या सुरुवातीला नर फारसे ओरडत नाहीत, म्हणून ते लोळतात त्या चिखलाच्या डबक्यांवर दबा धरावा लागतो. ऊन उतरलं की हवा डोंगरावरून खाली वाहते, तेव्हा संध्याकाळी डबक्याच्या खालच्या अंगाला बसा, म्हणजे तुमचा वास डबक्याकडे जाणार नाही.