नागपुरात घड्याळं जुळवताना: आमची वाटचाल

आमच्या घड्याळातलं मशीन जपानी आहे, केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, चीनमधून येते, पट्ट्याचं चामडं कानपूरचं. डायल आणि काटे आमच्या आराखड्याप्रमाणे करून घेतो, आणि हे सगळं नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर एकत्र येतं. सुरुवातीलाच सांगते, कारण डब्यावर ‘पूर्ण स्वदेशी’ लिहा असा सल्ला देणारे बरेच भेटतात. आम्ही तसं लिहीत नाही. कुठली वस्तू कुठून आली ते डब्यातल्या कागदावर मराठीत छापलेलं असतं.

हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी सीताबर्डीवरच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस काउंटरला होते. दिवसभर सेल बदलायला माणसं यायची. महागडी घड्याळं घेऊन येणाऱ्यांचं काम होऊन जायचं. चार-पाचशे रुपयांचं घड्याळ घेतलेल्यांना मात्र बऱ्याचदा परत पाठवावं लागे. काही केसना मागून झाकणच नसायचं. काहींचं झाकण एकदा उघडलं की पुन्हा घट्ट बसत नसे, आणि पहिल्याच पावसात काचेआड पाणी दिसायचं. साठ-सत्तर रुपयांचा सेल संपला म्हणून चांगलं चालणारं मशीन टाकून द्यायचं, आणि तेही ज्याला पाचशे रुपये जड आहेत अशा माणसाने. ‘नवीनच घेऊन टाका’ हे वाक्य रोज म्हणताना मला फार वाईट वाटायचं.

त्याच किमतीच्या घड्याळांवर सजावट मात्र भरपूर असायची. डायलवर तीन छोट्या डायली छापलेल्या, त्यांचे काटे फिरतच नाहीत. बाजूला दोन बटणं, दाबली तर काहीच होत नाही. म्हणजे पैसे खर्च झाले होते, पण दिसणाऱ्या गोष्टींवर. तेच पैसे आत घातले तर? धाकटा भाऊ आयटीआय करून बुटीबोरीच्या एका कारखान्यात होता, हात बारीक कामाला बसलेला. आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला: चांगलं जपानी मशीन, स्टीलची केस, चार स्क्रूंचं झाकण, रबराची रिंग, आणि डायलवर फक्त वेळ. हजार-दीड हजारात बसत होतं. तिथून सुरुवात झाली.

मशीन निवडायला वेळ लागला नाही. मियोटाचं २०३५ क्रमांकाचं मशीन हे क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि गारेच्या स्फटिकावर चालणारं, तीन काट्यांचं, तारीख नसलेलं आहे. महिन्याला २० सेकंदांच्या आत-बाहेर चालतं, सेल साधारण तीन वर्षं टिकतो, आणि मुख्य म्हणजे ते इतवारीतल्या प्रत्येक घड्याळजीला माहीत आहे. आम्ही उद्या नसलो तरी ग्राहकाचं घड्याळ बंद पडणार नाही. मियोटा हे सिटिझन या जपानी घड्याळ कंपनीच्या घरचं. आमच्या बाबांच्या हातातली एचएमटीसुद्धा मुळात सिटिझनकडूनच शिकून झाली होती. १९६१ मध्ये बंगळूरला त्यांच्याच सहकार्याने एचएमटीची मनगटी घड्याळं निघू लागली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, पण बाबांचं चावीचं घड्याळ आजही चालतं. साधी डायल, मोठे आकडे, मागून उघडणारी केस. आमच्यासमोर नमुना म्हणून तेच होतं.

क्वार्ट्झ स्वस्त म्हणून त्याला हलकं समजणारे भेटतात, तेव्हा मी त्यांना सेको या जपानी कंपनीच्या ॲस्ट्रॉन घड्याळाबद्दल सांगते. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेलं ते पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हा तिथे टोयोटा कोरोला जेवढ्याला मिळायची तेवढी. तेच तंत्र आज आमच्या टेबलावर ट्रेमध्ये मांडलेलं असतं. आत चिमट्याच्या आकाराचा गारेचा बारीक स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा उगीच नाही. त्याचं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंद काटा एक घर पुढे सरकतो.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण या व्यवसायात आम्ही सगळ्यात जास्त विचार त्यावर केला आहे.

हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात बरोबर चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, थंड झाला तरी मंदावतो, आणि जितकं दूर जाल तितकं मंदावणं झपाट्याने वाढतं. ४५ अंशांवर हिशेब केला तर दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो, म्हणजे महिन्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त. हातात घातलेलं घड्याळ त्वचेच्या उबेला राहतं, म्हणून उन्हाळ्यातही त्याला फारसा फरक पडत नाही. खरा प्रश्न टिनाच्या छपराखाली फळीवर ठेवलेल्या घड्याळाचा, किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेल्या घड्याळाचा. मे महिन्यात फोन येतात, ‘ताई, घड्याळ मागे पडून राहिलं ना!’ आमचा पहिला प्रश्न असतो, रात्रंदिवस कुठे ठेवता? बहुतेकांचं उत्तर ऐकल्यावर दुरुस्तीची गरज उरत नाही. हातात घाला किंवा लाकडी कपाटात ठेवा, एवढंच सांगतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर आम्ही दूरच्या गावांना कुरियरने मालच पाठवत नाही. बंद गाडीतल्या उष्णतेने सेलचं आयुष्य घटतं, आणि ते ग्राहकाच्या खिशातून जातं.

उन्हाची दुसरी गोष्ट मला इतवारीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजी काकांनी शिकवली. त्यांच्या दुकानात उन्हाळाभर कूलर चालायचा, पण झाकण लावायच्या वेळी ते उठून कूलर बंद करायचे, घामाघूम होऊन झाकण बसवायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे. मी कारण विचारलं. म्हणाले, “कूलरची हवा आत कोंडली का डिसेंबरात काच आतून धुरकट होते. सकाळी स्कूटरवर निघाला माणूस की वेळच दिसत नाही.” पटण्यासारखंच होतं. कूलर पाण्यातून हवा ओढतो, ती दमट हवा केसमध्ये बंद होते, आणि नागपूरच्या थंडीत पारा दहाच्या खाली गेला की तिचं दव काचेवर बसतं. म्हणून आमच्या घरात सगळीकडे कूलर असले तरी जुळणीच्या खोलीत एसी आहे. सुरुवातीच्या दिवसांत तो आमचा सगळ्यात मोठा खर्च होता, आणि तो करायचाच हे आधीच ठरलं होतं.

साधी डायल करायला सोपी असते असं अनेकांना वाटतं. उलट आहे. नक्षीदार डायलवर धुळीचा कण लपतो. कोऱ्या पांढऱ्या डायलवर तो गावभर दिसतो. आमच्याकडे तीन बायका जुळणी करतात, तिघी महालातल्याच. बोटांना रबरी टोप्या, डोळ्याला भिंग. काटा बसवताना तो अगदी सरळ खाली दाबावा लागतो. किंचित तिरपा बसला तर मिनिट काटा तास काट्याला घासतो आणि घड्याळ अडखळतं. त्यातही सेकंद काटा सगळ्यात त्रासाचा. क्वार्ट्झमध्ये तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो, त्यामुळे प्रत्येक उडी बरोबर रेघेवर पडली पाहिजे. दोन रेघांच्या मध्ये पडली तर वेळ चुकत नाही, पण बघणाऱ्याला खटकत राहतं. आमच्या सगळ्यात जुन्या ताई काटा ठेवून आधी बाराची रेघ पाहतात, मग तीनची, सहाची, नवाची, आणि एकही चुकली तर काटा उचलून परत बसवतात. अशा घड्याळांना मी स्वतः कधी ‘चालेल’ म्हटलेलं नाही.

सेकंद काट्यावरून आमच्यात चर्चाही खूप झाली. हल्ली मिनिमलिस्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच घड्याळांत तो नसतोच. दिसायला सुंदर दिसतं, हे मान्य. पण आमच्या पहिल्या ग्राहकांत मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या नर्स होत्या, आणि त्यांना नाडी मोजायला सेकंद काटा लागतो. डायलवरचे आकडे मात्र काढून टाकता येतात, हे स्विस रेल्वेच्या घड्याळाने १९४४ मध्येच दाखवून दिलं. हान्स हिल्फिकर यांनी आखलेल्या त्या डायलवर नुसत्या जाड-बारीक रेघा आहेत आणि फलाटाच्या टोकावरून वेळ वाचता येते. लाल सेकंद काटा त्यांनी पुढे खास जोडला, कारण गाडी सोडणाऱ्याला सेकंद हवे होते. कामाचं ते ठेवायचं. यूपीएससीच्या परीक्षेत साधं घड्याळ चालतं, स्मार्टवॉच चालत नाही. त्यामुळे अभ्यासिकांमधली मुलंही आमच्याकडे येतात. त्यांना मिनिटांच्या साठही रेघा हव्या असतात. त्या आम्ही ठेवल्या आहेत, फक्त बारीक केल्या आहेत.

डायलवर संत्र्याचं चित्र टाका, नागपूरची ओळख होईल, असं प्रेमाने सांगणारे आहेत. कंपन्यांच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी येतात तेव्हा डायलवर मोठा लोगो मागतात. आम्ही लोगो मागच्या झाकणावर कोरून देतो, डायलवर नाही. काही ऑर्डरी त्यामुळे गेल्या. माणूस ते घड्याळ दिवसातून पन्नासदा बघणार, कंपनीची जाहिरात त्याने पन्नासदा का बघावी?

एका पुरवठादाराने मात्र आम्हाला खरोखर त्रास दिला. बिलावर ३१६एल, म्हणजे न गंजणारं चांगलं स्टील, असं लिहिलं होतं. केस हातात घेतल्यावर भावाला वजनाचा संशय आला. त्याने पट्ट्याच्या पिनेजवळ आतल्या बाजूला कानस मारली, तर चकचकीत थराखालून मळकट करडा धातू निघाला. जस्ताची मिश्रधातू, वर मुलामा. नागपूरच्या घामात असा मुलामा एका उन्हाळ्यात सुटतो आणि त्वचेला खाज सुटते. पैसे पूर्ण परत मिळाले नाहीत. माल आम्ही वापरला नाही. तेव्हापासून प्रत्येक खेपेतली एक केस भाऊ कानशीने घासतो. ती एक केस वाया जाते आणि ती किंमत आम्ही धरूनच चालतो.

पाण्याबद्दलही स्पष्ट सांगतो. आमच्या केसवर ३ एटीएम लिहिलेलं असतं. याचा अर्थ हात धुताना उडणारं पाणी आणि पावसाची सर चालेल. अंबाझरीत पोहायला घालून जाऊ नका, गरम पाण्याने आंघोळ करतानाही काढून ठेवा. सेल बदलताना रबराची रिंग तपासून घ्या, फुगली-चिरली असेल तर बदला. रिंग आम्ही फुकट देतो, दुसऱ्या दुकानात सेल बदलला तरी.

सध्या ३४ मिलिमीटरच्या केसचे नमुने टेबलावर आहेत. आतापर्यंतची आमची केस ३८ची होती आणि बारीक मनगटाच्या बायकांना ती मोठी पडायची. मशीन तेच बसतं, पट्टा १८ऐवजी १६ मिलिमीटरचा करावा लागेल. सेकंद काटा लाल ठेवायचा की काळा, यावर जुळणीच्या तिन्ही ताईंचं एकमत झालेलं नाही. नर्सनी लाल मागितला आहे.