ठोकळे, बरण्या आणि फिरती टाकी: शेवाळाची ताजी नोंद

ठोकळ्यांच्या वरच्या कडेवर उल्वाची, म्हणजे पातळ पानांच्या हिरव्या समुद्री शेवाळाची, पानं आता बोटभर झाली आहेत. बाजूंवर डायटमची (एकपेशीय सूक्ष्म शेवाळाची) तपकिरी मखमल अजून हटलेली नाही, आणि मागच्या सावलीत कोरलाइन या चुनखडीसारख्या कडक शेवाळाचे गुलाबी ठिपके पसरू लागलेत. एकाच ठोकळ्यावर तीन वस्त्या. कोणाला कुठे जागा मिळाली ते ठरलं आधी कोण पोचलं आणि नंतर कोणी कोणाला खाल्लं यावरून. या वेळची नोंद बरीचशी त्याबद्दलच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगते. एका टाकीत काँक्रीटचे ठोकळे रचून केलेला छोटा रीफ, म्हणजे पाण्याखालचा कृत्रिम खडक, आहे आणि त्यात चरणाऱ्या गोगलगायी. दुसऱ्या, उभट टाकीत तळातून हवा सोडून ग्रासिलारिया हे लाल शेवाळ गरगरत ठेवलं आहे. शिवाय दिव्याखाली काही बरण्या आहेत, त्यांत पीळदार दोरा गुंडाळलेल्या नळ्या; त्या दोऱ्यावर उल्वाचं बीज बसवते.

ठोकळे

ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२ ते १३ असतो, समुद्राच्या पाण्याचा ८.१ च्या आसपास. म्हणून ठोकळे बादलीत भिजत ठेवून पाणी बदलत राहायचं, आणि बदललेल्या पाण्याचा पीएच चढायचा थांबला की मगच ते टाकीत घ्यायचे. याला पर्याय नाही. समुद्रात लाटा हेच काम करतात, फक्त त्यांना पाण्याची कमी नसते.

पृष्ठभागाचा खडबडीतपणा हा आपल्या शेवाळ वाढवणाऱ्या मंडळींचा आवडता विषय. त्यात तथ्य आहेच, पण मापाचा गोंधळ होतो. उल्वाचा बीजाणू, म्हणजे ज्यातून नवं शेवाळ उगवतं ती पेशी, साधारण ५ मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो पोहत जागा हुंगतो, पसंत पडली की गोंद सोडून कायमचा चिकटतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अँथनी ब्रेनन यांच्या गटाने शार्कच्या कातडीवर बेतलेला, २ मायक्रोमीटर रुंद कंगोऱ्यांचा पृष्ठभाग केला, तेव्हा त्यावर बसणारे उल्वाचे बीजाणू गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा ८६ टक्क्यांनी घटले. म्हणजे बीजाणूला कळतात त्या त्याच्याच मापाच्या खाचा. आपण छिन्नीने पाडतो ती खाच त्याच्या लेखी दरी आहे. तरीही मी खाचा पाडतेच, त्याचं कारण वेगळं आहे: गोगलगायीची दातेरी जीभ तिथे नीट पोचत नाही. कोवळं उल्वा तिथे तग धरतं आणि पान मोठं झालं की बाहेर येतं.

हे पडताळायला एका ठोकळ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा पिंजरा बसवला आहे, दुसरा उघडा आहे, आणि तिसऱ्यावर नुसतं जाळीचं छप्पर आहे, बाजू मोकळ्या. हा तिसरा महत्त्वाचा. जाळी उजेड अडवते, पाण्याचा वेग कमी करते, तिच्याखाली गाळ बसतो. छप्परवाला ठोकळा नसेल तर फरक गोगलगायींनी पडला की सावलीने, हे सांगता येणार नाही. आतापर्यंतचा निकाल स्पष्ट आहे. पिंजऱ्यातला ठोकळा हिरवागार आहे. उघडा आणि छप्परवाला दोन्ही जवळपास सारखेच, खाचांपुरते हिरवे आणि बाकी चाटूनपुसून साफ. सावलीचा हात त्यात फारसा नाही.

मोठ्या प्रमाणावर हाच खेळ पाहायचा असेल तर कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटेजवळचा व्हीलर नॉर्थ रीफ पाहा. सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राच्या पाण्यामुळे केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या, जंगलाचं नुकसान झालं, त्याची भरपाई म्हणून तो बांधावा लागला. १९९९ मध्ये आधी ५६ छोटे प्रायोगिक रीफ टाकले: काही खाणीच्या दगडाचे, काही काँक्रीटच्या तुकड्यांचे, कमी-जास्त दाट पसरलेले. केल्प दोन्हींवर आलं. काही रीफवर केल्प मुद्दाम लावलंही होतं, पण शेजारच्या जंगलातून आपोआप आलेलं इतकं होतं की लावायची गरजच उरली नाही. चिंता वाटली ती सी फॅन या पंख्याच्या आकाराच्या प्रवाळांची, कारण ते दाटीने वाढले तर केल्पची जागा खातात. २००८ मध्ये रीफ वाढवला तेव्हा खाणीचा दगडच वापरला. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते असं की दगड की काँक्रीट या वादापेक्षा जवळ बीज आहे का आणि शेजारी कोण बसणार आहे, हे आधी विचारावं.

याउलट फ्लोरिडातला ऑस्बोर्न रीफ. १९७० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख जुने टायर समुद्रात टाकले. त्यांना बांधणारे पट्टे गंजून तुटले आणि सुटे टायर लाटांबरोबर फिरत जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आपटू लागले. हलत्या वस्तूवर काहीही नीट रुजत नाही. माझे ठोकळे आकाराने वेडेवाकडे असतील, पण पंप पूर्ण जोरात असला तरी जागचे हलत नाहीत, एवढं मी आधी बघते.

बरण्या

रीफवर आपण जागा उघडी ठेवून वाट पाहतो. शेवाळाच्या शेतीत उलटं असतं: दोऱ्यावर दुसरं कोणी बसायच्या आत आपलं बीज बसवायचं. म्हणून बरण्यांमधलं सगळं काम वेळेचं आहे.

उल्वाचं पान फक्त दोन पेशींइतकं जाड असतं आणि त्याला वेगळी बीजं-फुलं नसतात. कडेच्या साध्या पेशीच बीजाणू किंवा युग्मक (जोडीने एकत्र येणाऱ्या प्रजनन पेशी) बनतात आणि बाहेर पडतात, मागे पांढरी रिकामी किनार राहते. पान ते सोडत नाही तोवर त्याचेच काही पदार्थ ही क्रिया दाबून ठेवतात. पानाचे बारीक तुकडे करून पाणी बदललं की तो दाब जातो, आणि साधारण तिसऱ्या दिवशी कडा पिवळट-ऑलिव्ह दिसू लागतात. सकाळी दिवा लागला की पाणी गढुळतं. बरणीच्या एका बाजूला उजेड ठेवला तर युग्मक उजेडाकडे धावतात आणि काचेवर हिरवी रेघ उमटते. चार शेपट्यांचे बीजाणू मात्र उजेडापासून दूर जातात. ड्रॉपरने कोणत्या बाजूचं पाणी घ्यायचं ते यावरून ठरवायचं आणि दोऱ्याच्या बरणीत सोडायचं. मग काही काळ हवा बंद, म्हणजे त्यांना निवांत बसता येतं.

दोऱ्यावरचे डायटम हटवायला काही जण जर्मेनियम डायऑक्साइड घालतात. डायटमना कवचासाठी सिलिकॉन लागतं, जर्मेनियम त्यात खो घालतं. हिरव्या आणि लाल शेवाळासाठी ठीक, पण तपकिरी शेवाळाला, म्हणजे केल्प आणि सारगॅसमला, तेच जर्मेनियम मारक ठरू शकतं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

स्वच्छतेचा अतिरेकही नको. पूर्ण जंतुमुक्त पाण्यात उल्वाचं पान होतच नाही, पेशींचा बेढब गोळा होतो. पानाचा आकार यायला ठरावीक जिवाणूंनी सोडलेले पदार्थ लागतात. म्हणून मी पाणी गाळते, थोडं गरमही करते, आणि शेवटी जुन्या टाकीतलं चमचाभर पाणी पुन्हा घालते.

दोऱ्यावर सध्या हिरवी लव दाट आहे. पुढच्या टप्प्यात विरळ करावी लागेल.

फिरती टाकी

ग्रासिलारियाला बसायला जागाच लागत नाही. तुकडा तोडा, फिरवत ठेवा, वाढतो. त्यामुळे इथे स्पर्धा जागेची नसून पाण्यात विरघळलेल्या गोष्टींची आहे.

मध्यंतरी तिचा रंग गवताळ पिवळा पडला होता. लाल शेवाळ फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यात नायट्रोजन साठवतं आणि उपाशी पडलं की तोच साठा खर्च करतं. नायट्रोजन वाढवल्यावर रंग परत गडद झाला. खत घालताना आपल्याकडे नायट्रोजन आणि फॉस्फरसचं रेडफिल्डचं १६:१ हे प्रमाण सर्रास धरतात, पण ते पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांचं आहे. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मोठ्या सागरी वनस्पतींसाठी मांडलेलं सरासरी प्रमाण कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस ५५०:३०:१ असं आहे. फॉस्फेट ओतत बसू नका.

दुसरा मुद्दा उल्वाचा. तिचा एक चुकार तुकडा या टाकीत वाढला तर मी लगेच काढते. उल्वा कार्बनसाठी पाण्यातलं बायकार्बोनेटही वापरू शकते, आणि भर उजेडात दाट उल्वा पीएच ९ च्या वर नेते. तिथे मुक्त कार्बन डायऑक्साइड जवळपास उरत नाही आणि शेजाऱ्यांचा श्वास कोंडतो. ग्रासिलारियाला दिवसाउजेडी हवा देणं हे फिरवण्यासाठी जितकं, तितकंच कार्बनसाठी असतं.

वजन करताना सॅलड गाळायच्या फिरकीतून पाणी झटकते, दर वेळी सारखंच फिरवून. वाढीचा दर काढायला दोन वजनांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, दिवसांनी भागा, १०० ने गुणा. आठवड्यात दुप्पट म्हणजे दिवसाला सुमारे ९.९ टक्के. नुसतं ‘खूप वाढलं’ असं लिहिणाऱ्यांनी एवढं कराच.

पुढे काय

केल्पबद्दल विचारणा होते. लाल उजेडात त्याचे नर-मादी धागे नुसते वाढत राहतात, निळा उजेड मिळाला की फळतात. हे हातात ठेवायला सुंदर तंत्र आहे, पण सतत थंड पाणी हवं. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसताना मी त्यात पडणार नाही.

त्याऐवजी पोर्फिरा, म्हणजे ज्यापासून नोरी हे जपानी खाद्य शेवाळ मिळतं ते लाल शेवाळ. १९४९ मध्ये कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवलं की शिंपल्यात राहणारं, कॉन्कोसेलिस नावाचं वेगळं समजलं गेलेलं गुलाबी शेवाळ हे पोर्फिराचंच दुसरं रूप आहे. नोरीचं बीज कुठून येतं हे त्याआधी जपानी शेतकऱ्यांना माहीत नव्हतं. पुढे शिंपल्यांतून बीज घेऊन जाळ्यांवर सोडायची पद्धत त्यावरच उभी राहिली. इथे बीज बसतं तेही पृष्ठभागाच्या आत, कॅल्शियम कार्बोनेट पोखरून. गोगलगायींना तिथे काहीच करता येणार नाही. शिंपले उकळून, घासून तयार आहेत. बीज रुजलं तर आधी मंद उजेडात वाढवायचं, आणि शिंपले गडद झाले की दिव्याचे तास कमी करायचे, कारण बऱ्याच जातींत लहान दिवसांनीच पुढचे बीजाणू सुटतात.