कावळा, फांदी आणि राउटर

पूर्ण बंद पडलेलं नेट परवडतं. राउटरवर लाल दिवा लागतो, आपण कस्टमर केअरला फोन लावतो, तक्रार क्रमांक मिळतो आणि जुना दिवाळी अंक चाळत निवांत बसता येतं. खरा छळ मांडतं ते येऊन-जाऊन असणारं नेट. मीटिंगमध्ये समोरचा माणूस तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजतो, आपण “हॅलो, आवाज येतोय का?” करत राहतो, आणि कंटाळून उठावं तर तो एकदम चौपट वेगानं बोलायला लागतो. दुरुस्तीवाला आला की स्पीड टेस्टचे आकडे झकास येतात. “सगळं ओके आहे, सर,” म्हणून तो जिना उतरतो. तो फाटकापर्यंत पोहोचायच्या आत पडद्यावरचं चक्र पुन्हा गरगरायला लागतं.

असं नेट घरात श्रद्धा पैदा करतं. आमच्याकडे प्रत्येकाची वेगळी आहे. मुलगी फोन एरोप्लेन मोडवर टाकते आणि लगेच काढते. बायकोचा विश्वास अँटेनावर. तो अमुक कोनात असला की बरं चालतं म्हणे. वडिलांचं मत, “यंत्र तापलंय, त्याला जरा विसावू द्या.” मी स्वतः रीस्टार्ट पंथाचा.

पंचाईत अशी की यातलं काहीच निव्वळ थोतांड नाही. फोन एकदा ज्या सिग्नलला चिकटला, तो क्षीण झाला तरी सहसा सोडत नाही. एरोप्लेन मोडमुळे त्याला नव्यानं शोध घ्यावा लागतो. दांडीसारख्या अँटेनाच्या लहरी टोकातून निघत नाहीत, दांडीच्या चहूबाजूंना पसरतात. त्यामुळे टोक आपल्याकडे रोखलं तर उलट कमीच मिळतं, आणि बायकोचा कोन म्हणजे बहुतेक वेळा दांडी सरळ उभी करणं, हे बरोबरच आहे. कोंदट कपाटात ठेवलेला राउटर तापून अडखळतो, हेही खरं. आणि रीस्टार्ट? त्यानं राउटरची तुंबलेली मेमरी रिकामी होते, जोडण्यांची लांबलेली यादी पुसली जाते, आणि बरेच राउटर उठल्या उठल्या कमी गर्दीचं चॅनल, म्हणजे लहरींची मोकळी वाट, शोधतात.

पण राउटर बंद होऊन पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात बिघाडाचं मूळ कारण आपोआप निघूनही गेलेलं असू शकतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय मिळतं बटणाला. शिवाय घरगुती राउटरमधली नोंदवही बहुतेक वेळा त्याच मेमरीत असते, म्हणजे रीस्टार्टबरोबर पुरावाही साफ. कस्टमर केअरवाले पहिल्याच वाक्यात रीस्टार्ट करायला का सांगतात, याबद्दल माझ्या मनात काही दुष्ट शंका आहेत.

यातून बाहेर पडायची वाट कंटाळवाणी आहे, पण आहे. कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीतून राउटरलाच सतत पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. दुसरीतून बाहेरच्या एखाद्या खात्रीच्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. नेट अडखळलं की दोन्हींकडे बघायचं. पहिली खिडकी काही मिलिसेकंदांत बिनचूक उत्तरं देते आहे आणि दुसरी गप्प आहे, तर घर निर्दोष. भांडण बाहेरच्या लाइनशी. पहिलीच धापा टाकत असेल, तर भांडण घरातल्या हवेशी, म्हणजे वायफायच्या लहरींशी. फोनवरच्या त्या वायफायच्या कमानी यातलं फक्त फोन ते राउटर एवढंच अंतर मोजतात. सगळ्या कमानी भरलेल्या आणि नेट शून्य, यात विसंगती काहीच नाही. नळ उत्तम आहे, टाकीत पाणी नाही, इतकंच.

आणि बहुतेक वेळा भांडण हवेशीच निघतं. वायफायचा जुना पट्टा, म्हणजे रेडिओ लहरींमधली त्याची ठरलेली जागा, २.४ गिगाहर्ट्झची. अमेरिकेनं १९८५ साली असे काही पट्टे विनापरवाना वापरायला खुले केले, कारण ते तसेही ओवाळून टाकलेले होते. मायक्रोवेव्ह ओव्हन तिथंच, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. आता फरक बघा. ओव्हन हजार वॉटच्या आसपासचा, राउटर साधारण एक दशांश वॉटचा, आणि दोन भिंतींपलीकडच्या फोनला जे मिळतं ते उणे ७० डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. ओव्हनच्या दारातून जी किंचित गळती होते ती माणसाला निरुपद्रवी असते, पण या कोटीव्या भागाला ती सहज बुडवते.

ओव्हननं भल्याभल्यांना चकवलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून काही विचित्र रेडिओ झटके नोंदले जात होते. त्यांना ‘पेरिटॉन’ असं भारदस्त नावही मिळालं होतं. उलगडा झाला २०१५ मध्ये. वेधशाळेतला कुणीतरी वेळ संपायच्या आतच ओव्हनचं दार उघडत होता, आणि बंद होता होता मॅग्नेट्रॉनची, म्हणजे ओव्हनमधल्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीची, शेवटची उचकी दुर्बिणीपर्यंत पोहोचत होती. छडा लागला तो परिसरातल्या रेडिओ-गोंगाटाची सतत नोंद ठेवणारं उपकरण बसवल्यावर. पेरिटॉन ज्या क्षणी, त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झवर गडबड. कुणी दुर्बिणीला रीस्टार्ट मारून पाहिला होता का, माहितीत नाही. पण घड्याळ लावून लिहिलेली वही कामी आली. आमच्याही फ्रिजवर मी एक कागद चिकटवला: नेट गेलं की वेळ लिहा, काय चालू होतं ते लिहा. मुलीनं पहिल्याच रकान्यात लिहिलं, “बाबा चिडचिड करत होते.”

शेजाऱ्यांच्या राउटरांचा मामला ओव्हनहून नाजूक. २.४ च्या पट्ट्यातली चॅनलं एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर, पण प्रत्येकाला जागा लागते २० ची. त्यामुळे एकमेकांना न घासणारी तीनच: १, ६ आणि ११. माणसाला वाटतं, १ वर गर्दी, ६ वर गर्दी, आपण हुशारीनं ३ वर बसावं. तिथंच फसतं. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं समजतात आणि थांबतात. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं, मग मनानेच काही क्षण मोजून तोंड उघडायचं, हा वायफायचा शिष्टाचार. याचा पूर्वज १९७१ सालचा: अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं जोडली, त्या ‘अलोहा’ जाळ्यात दोघं एकदम बोलले तर दोघांनी वाटेल तितका वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा नियम होता. ३ वर बसलेला राउटर मात्र १ वाल्यांना आणि ६ वाल्यांना शब्द म्हणून ऐकूच येत नाही, नुसता गलका म्हणून येतो. म्हणजे शेजाऱ्याच्या अर्धवट अंगावर जाण्यापेक्षा सरळ त्याच्याच चॅनलवर रांगेत उभं राहणं पुष्कळदा बरं.

मग वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावं म्हणतो. जावंच. तिथं जागा ऐसपैस. फक्त भिंती त्याला जास्त अडवतात, त्यात सळ्यांचं काँक्रीट तर फारच. आणि एक गंमत कुणी सांगत नाही: त्यातली काही चॅनलं रडारच्या मालकीची आहेत, हवामानाच्या रडारच्यासुद्धा. तिथं बसलेल्या राउटरला रडारची चाहूल लागली तर दहा सेकंदांत जागा सोडावी लागते, अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, आणि अशाच दुसऱ्या चॅनलवर बसण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत राहायचं. चाहूल खोटी असली तरी शिक्षा तीच. अकारण मिनिटभर नेट जाऊन मुकाट परत येतं, त्यातल्या काही वेळा हेच घडलेलं असतं. सेटिंगमध्ये ३६ ते ४८ मधलं चॅनल हातानं निवडलं की हा सोवळेपणा टळतो.

एवढं सगळं करून झाल्यावर मी टीव्ही आणि कामाचा कॉम्प्युटर, या जागेवरून कधीच न हलणाऱ्या दोन वस्तूंना लॅन केबल लावून टाकली. सर्वांत बडबडे दोघं हवेतून उठले, तशी फोनांनाही बोलायला उसंत मिळाली. केबल पॅसेजमधून, भिंतीच्या कडेनं जाते आणि ती फार दिसते, अशी घरात तक्रार आहे. दिसते खरी. पण काही बिघडलंच तर शोधायचं या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन्ही टोकं मला माहीत आहेत.