जुन्या गेमचे सेव्ह: व्हर्च्युअलस्टोअर सुटलं, आता देवनागरी नावाचं खातं

एज ऑफ एम्पायर्स २ (कॉन्करर्स, २०००) एकदाचा मार्गी लागला. तक्रार ओळखीचीच: गेम सेव्ह होतो, गेमच्या यादीत दिसतोही, पण प्रोग्रॅम फाइल्समधलं 'सेव्हगेम' फोल्डर उघडलं तर आत काहीच नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की यादीसुद्धा रिकामी. इथे बरेच जण हाय खातात आणि गेम पुन्हा इन्स्टॉल करतात. तसं करू नका, सेव्ह गेलेले नसतात.

प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतोय ते दाखवणारं साधन) लावून सेव्हचं बटण दाबलं. प्रोग्रॅम फाइल्समधल्या फाइलच्या ओळीपुढे 'रिपार्स', म्हणजे दुसरीकडे वळवलं, असा निकाल आला आणि लगेच खालच्या ओळीत तीच फाइल अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेवर (पाथवर) लिहिली गेली. व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे. साध्या खात्याला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची मुभा नाही, म्हणून जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमचं लिखाण गुपचूप तुमच्या खात्याखाली वळवलं जातं. गेमला वाटतं, आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहितोय. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की हे वळवणं बंद होतं, गेम खरं फोल्डर बघतो आणि तिथे काही नसतंच. म्हणून 'अ‍ॅडमिन करून बघ' हा सल्ला सेव्हच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा रकाना चालू करा, कोणता प्रोग्रॅम वळवला जातोय ते तिथेच कळतं.

उपाय सरळ आहे. गेम सी ड्राइव्हवर थेट 'गेम्स' नावाच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचा आणि व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जीएएक्स फाइली, म्हणजे सेव्ह केलेले डाव, नव्या 'सेव्हगेम'मध्ये आणायच्या. मोहिमांची प्रगती वेगळ्या फाइलीत असते, 'प्लेअर डॉट एनएफएक्स', तीही विसरू नका. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे सापडली तर तारीख बघून नवी ठेवा. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवायची, हे सांगायला नकोच.

आता व्हाइस सिटी. हा गेम सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, त्यामुळे वरची अडचण इथे येतच नाही. तरी भाचीच्या लॅपटॉपवर एकही सेव्ह होईना. तिचं खातं देवनागरीत काढलेलं, 'सई'. म्हणजे डॉक्युमेंट्सच्या वाटेत 'सई' आलं, आणि २००३ सालचा हा गेम युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींना सामावणारी अक्षरसंकेतांची पद्धत, जाणत नाही. त्याच्या हाती त्या दोन अक्षरांऐवजी दोन प्रश्नचिन्हं पडतात. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, मग सेव्ह होणार कुठे?

आपल्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण परदेशी मार्गदर्शनात सापडणारा उपाय आपल्याला लागू पडत नाही. रशियन माणूस सिस्टिम लोकॅल (जुन्या प्रोग्रॅमसाठीची भाषेची सेटिंग) बदलून १२५१ कोडपेज, म्हणजे त्याच्या लिपीचा जुना अक्षरतक्ता, लावतो, जपानी ९३२ लावतो, गेम सुरळीत चालतो. देवनागरीला विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज कधी मिळालंच नाही, ती थेट युनिकोडमध्येच आली. विंडोज १० मध्ये पुढे यूटीएफ-८ चा (युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या एका पद्धतीचा) बीटा पर्याय आला, पण तो सगळ्याच जुन्या प्रोग्रॅमना लागू होतो. शिवाय त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, वाट लांबते. एका गेमसाठी मी तो चालू करणार नाही.

खात्याचं नाव रोमनमध्ये बदलूनही भागत नाही, प्रोफाइलचं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. त्यापेक्षा डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅब उघडून ते डी ड्राइव्हवरच्या रोमन नावाच्या फोल्डरवर नेलं. व्हाइस सिटीने तिथे लगेच आपलं 'यूजर फाइल्स' फोल्डर तयार केलं आणि पहिला सेव्ह व्यवस्थित बसला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, लोड झाला. तुमच्याकडे 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' (अनोळखी प्रोग्रॅमना डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहू न देणारं विंडोजचं संरक्षण) चालू असेल तर मात्र त्यात गेमला वेगळी परवानगी द्यावी लागेल.

पुढचा नंबर प्रिन्स ऑफ पर्शियाचा, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम). तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल-जी दाबलं की सेव्ह होतो, आणि ती फाइल अवघी ८ बाइटची: उरलेला वेळ, पातळी, जीव. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बघायची आहे.