तुम्ही विचारलंत म्हणून: देणगी कुणाला देऊ?

मार्च लागला की फोन येतात, "काका, ८०-जीवाली चांगली संस्था सांगा ना." ८०-जी म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत. सोलापुरात तीस वर्षं ट्रस्टचे हिशेब लिहिले, म्हणून मला विचारतात.

कागदाचं आधी सांगतो. आपल्याकडचे ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. तपासलेले हिशेब त्यांनी धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यायचे असतात. ते मागून घ्या. २,००० रुपयांवरची देणगी रोखीने दिलीत तर सवलत मिळत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर ८०-जीची सवलत नाहीच. पण कागद चोख असले म्हणजे काम चोख असेल, असं धरून चालू नका.

सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातल्या एका संस्थेच्या अहवालात 'बाराशे लाभार्थी' छापलं होतं. पुढे रजिस्टरं चाळताना एका विडी कामगाराच्या मुलीचं नाव तीनदा सापडलं. वह्यावाटपात, नेत्रतपासणीत, संक्रांतीच्या कार्यक्रमात. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. तीन रजिस्टरांची बेरीज झाली होती, आणि ती मीच केली होती. तिची आई हजार विड्या वळून कारखान्यात नेते, तिथे खराब विड्या बाजूला काढूनच हिशेब होतो. आमच्या बेरजेतून काहीच बाजूला निघालं नव्हतं. वर्षाअखेरीस ती मुलगी शाळेत होती की घरी पानं कातरत होती, हे अहवालात कुठेच नव्हतं.

दुसरं, "शंभरातले किती गरिबापर्यंत पोचतात?" हा प्रश्न सोडून द्या. संध्याकाळच्या वर्गात शिकवणाऱ्या ताईंचा पगार जमाखर्चात 'आस्थापना खर्च', म्हणजे संस्था चालवायचा खर्च, म्हणून जातो आणि तो आकडा बघून देणगीदार बिचकतो. अहो, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरांना मराठीतून गणित समजावणारी ती बाईच तर तिथलं सगळं काम आहे! तिला कमी पगार द्या, ती जूनमध्ये दुसरीकडे जाते, वर्ग मोडतो. आकडा मात्र सुंदर दिसतो.

मग विचारायचं काय? मी विचारतो, गेल्या वर्षी काय जमलं नाही? बऱ्याच ठिकाणी चहा येतो, उत्तर येत नाही. एका छोट्या वर्गाच्या ताईंनी वही पुढे केली. चौतीस मुली आल्या, अकरा सुटल्या. प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं: लग्न, धाकटा भाऊ सांभाळायला, घर बदललं. दोघींपुढे नुसतं 'घरी जाऊन आले, परत जाणार'.

यंदाचा चेक त्यांना दिला. जूनमध्ये त्या दोघींचं विचारायला जाणार आहे.