तुम्ही विचारलंत म्हणून: सातोच का?

शर्यतींचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. 'शूमाकर, हॅमिल्टन सोडून तुम्ही त्या जपानी ड्रायव्हरचे, ताकुमा सातोचे, चाहते कसे? फॉर्म्युला वनची एक तरी शर्यत जिंकलीय का कुणा जपान्यानं?'

नाही जिंकली. पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या व्यासपीठावर, तिघं चढले, तिघंही तिसऱ्या पायरीवर: आगुरी सुझुकी 1990 मध्ये जपानमधल्याच सुझुकाला, ताकुमा सातो 2004 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला, कामुई कोबायाशी 2012 मध्ये परत सुझुकाला. जपानी होंडाची इंजिनं जग जिंकत होती, पण स्टिअरिंग सेन्ना-प्रोस्टसारख्या परदेशी ड्रायव्हरांच्या हातात.

सातो मुळात सायकलपटू. इतर मुलं कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींत, मुरलेली असतात त्या वयात, विशीच्या आसपास, हा गाड्यांकडे वळला. फॉर्म्युला वनमध्ये धडकण्याबद्दलच जास्त गाजला. मग अमेरिकेत गेला.

आणि 2012 ची इंडी 500, इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत. 200 फेऱ्या, शेवटची फेरी, पुढे फक्त डारिओ फ्रँकिटी. दुसरा नंबर खिशात होता. यानं पहिल्याच वळणावर आतून गाडी घातली, गाडी फिरली, थेट भिंतीवर. निकालात सतरावा! 'वेडा आहे,' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण दुसऱ्या नंबरावर समाधान मानणाऱ्या ड्रायव्हरसाठी मी रात्री जागलो असतो का, हा विचार मागाहून आला.

2017 मध्ये त्याच ट्रॅकवर, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पाच-सहा फेऱ्या उरल्या असताना सातोनं कॅस्ट्रोनेव्हिसला मागे टाकलं आणि शेवटपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. फरक सेकंदाच्या एक पंचमांशाचा. इंडी 500 जिंकणारा पहिला जपानी. (त्याच शर्यतीत फॉर्म्युला वनमधून आलेल्या अलोन्सोचं होंडा इंजिन वाटेतच बसलं होतं, सातोच्या गाडीतही होंडाच होतं, ते टिकलं.) घरचे झोपलेले, त्यामुळे मी तोंडावर उशी धरून ओरडलो.

2020 मध्ये तो परत जिंकला. कोविडमुळे स्टँड रिकामे. शेवटच्या फेऱ्या तर पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे कुणी कुणाला मागे टाकायचं नाही, कारण त्याचाच संघसहकारी धडकला होता. तसा जरा फिकाच शेवट. पण दुसरा आला स्कॉट डिक्सन, 2012 मध्येही दुसरा आलेला तोच. आणि सातोची टीम कुठली? भिंतीवर गाडी घातली, तेव्हा ज्यांची होती, तीच.