सोनटक्का अपडेट: भिंतीलगतची सावली आणि झाडाखालची सावली

सोनटक्का सावलीत येतो हे सगळेच सांगतात, पण कुठल्या सावलीत ते कोणी सांगत नाही, म्हणून एकाच गड्ड्याचे डोळे असलेले दोन तुकडे करून एक भिंतीलगत लावला जिथे ऊन कधी पोचतच नाही, आणि दुसरा झाडाखाली, तिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि मग दिवसभर पानांतून झिरपलेला उजेड. दोन्ही आडवे, वरवरच लावलेत, खोल पुरले की कुजायची भीती.

भिंतीलगतचा दिसायला एकदम हिरवागार! पानं रुंद, पण दांडे उजेडाकडे वाकलेत, काठीला बांधावे लागतात आणि फुलाचा पत्ता नाही. झाडाखालचे मात्र सरळ उभे, छातीएवढे, आणि शेंड्याला एकावर एक खवले असलेलं हिरवं कणीस आलंय. दुपारी खवल्यातून बारीक पांढरी नळी डोकावते, संध्याकाळी फूल उघडतं, वास तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी ते पिवळसर होऊन मान टाकतं, तोवर शेजारच्या खवल्यातून पुढची कळी तयार. गंमत म्हणजे ज्या रुंद पांढऱ्या पाकळ्या वाटतात ते खरं तर वांझ पुंकेसर, खऱ्या पाकळ्या मागे अरुंद पट्ट्यांसारख्या लोंबत असतात, हातात घेऊन बघा एकदा.

झाडाखाली एक त्रास आहेच, झाडाची मुळं पाणी ओढून घेतात आणि सोनटक्क्याला तर ओल सतत लागते, जरा कोरडं पडलं की पानांची टोकं करपतात. वाळक्या पानांचा जाड थर टाकल्यापासून बरंय. गुंडाळलेली पानं दिसली तर उलगडून बघायची, आत हिरवट अळी असते, मी पानासकट काढून टाकते.

आणि छाटणी. एक दांडा एकदाच फुलतो, त्यामुळे फुलून गेलेला जमिनीलगत कापायचा, पण न फुललेल्याला हात लावायचा नाही, कितीही उंच झाला तरी! सरसकट छाटणाऱ्यांकडे फुलं का येत नाहीत त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

आता भिंतीलगतचा गड्डा, नवे कोंब सुटायच्या बेताला आला की उकरून झाडाच्या दुसऱ्या बाजूला हलवणार आहे. त्या जागी नेचे लावेन, त्यांना फुलायचंच नाहीये.